होड्या असलेले चौकोन

रात्रीचे साडेअकरा. सूरमध्ये वारा पडलाय.
बर्फाच्या कारखान्यातली माझी पाळी संपली.
दिवसभर मी फोनवर लाद्या लिहून घेतो,
मसिराला चाळीस, रास अल हद्दला वीस,
आणि संगणक ते कानात वाचून दाखवतो,
इतक्या घाईने की खोलीतला शफीकुल म्हणतो,
परकारभाई, डब्यात माशी अडकलीय का?

उद्या परवान्याची मुदत संपते.
नाव, बापाचे नाव, रक्तगट, सगळे भरून झाले.
शेवटी एक चौकट: मी यंत्र नाही.
नाही, म्हटले. खूण केली.
तिला ते पुरले नाही.

चित्र, म्हणाला कानातला.
चित्र. चित्र. नऊ वेळा चित्र.

आवाजाचे बटण दाबले, तर
कोणी बादलीत तोंड घालून इंग्रजी आकडे सांगतोय
आणि मागे भांडी पडताहेत.
तीनदा चुकलो.

मग ते अवजार काढले,
दापोलीच्या रुकय्याने पाठवलेले; तिलाही दिसत नाही.
चित्र कुठेतरी जाते, उत्तर येते.
कोण बघते गं तिकडे?
कधी यंत्र, म्हणाली, कधी माणूस. आपण विचारू नये.

अकरा सेकंद.
होड्या असलेले चौकोन: पाच, सहा, आठ.

होड्या!
वाकस घेऊन आलो होतो मी या गावात.
खाडीपलीकडच्या कारखान्यात
पठाणावर एकेक वांक उभा केला,
फळ्यांच्या फटीत कापूस ठोकला,
काचबिंदूने कडा खात खात
मधले नाणेही उचलून नेले, तोपर्यंत.
कसल्या होड्या? मी विचारले.
याचे उत्तर त्या अवजाराकडे नव्हते.

शफीकुलला उठवले.
पांढरी आहे, भाई. शिडाची.
आणि वर, दोन नंबरात, नुसते एक टोक.
डोलकाठीचे?
असेल.
मग दोनही धर.
होडी खालच्या घरात आहे, भाई.
अरे, मग काठी काय ढगात रुजली?
पायाशी खाच असते तिला, पठाणापर्यंत जाते,
मी स्वतः बसवल्यात!
तो म्हणाला, ओरडू नका. मी म्हटले, दाब दोन.
दाबला.

चूक. पुन्हा प्रयत्न करा.

या वेळी सायकली.
अवजार म्हणाले, एक, चार.
मी काही विचारले नाही.
एक. चार.
अर्ज स्वीकारला आहे.

दिवा बंद केल्याचा खटका ऐकला,
त्याच्यासाठीच असतो तो.
खाडीवरून लाकडाच्या तेलाचा वास येत होता.
बऱ्याच वेळाने, अर्धवट झोपेत, शफीकुल म्हणाला,
भाई, त्या टोकावर
एक पक्षी पण होता.