साडेब्याण्णव

हर्णैच्या जिमला खारी हवा लागते.
मुकादम सर रोज बार पुसतात
खोबरेलाच्या फडक्याने,
तरी तळहातावर गंज उतरतोच.

नव्वद उचलून पंधरवडा झाला.
साडेब्याण्णव जमिनीला चिकटून आहे,
ओहोटीत रुतलेल्या होडीसारखं.

खाली बंदरावर लिलाव सुरू झालाय.
आईने आजवर म्हावऱ्याच्या किती पाट्या उचलल्या;
वजन झालं ते म्हावऱ्याचं.

पट्टा आवळते. टाचा रोवते.
गुडघ्यापर्यंत येतं, थरथरतं,
आणि धाड.

सर वहीत आकडा लिहीत नाहीत,
अर्धी रेघ मारतात.
"परवा तर हललंही नव्हतं."

घरी आई माझा हात हुंगते.
"लोखंडाचा वास येतो गं."
तिच्या हाताला बांगड्याचा.
माझ्या घट्ट्यावर
अंगठा फिरवत राहते.