अकरावा दिवस

भाळवणीच्या पोस्टात कॅमेरा बसला
तेव्हा नारळ मीच फोडला.
अर्जही माझाच, तीन वर्षं जुना,
सिदू ऐवळ्याच्या नावावर
साडेसात हजार निघाले त्या साली केलेला.

पैसे नंतर सापडले.
काउंटरच्या फळीमागं, रबर लावलेले तसेच,
उंदरानं एक कोपरा खाल्लेले.
पण मधले अठरा दिवस
गाव सिदूच्या टपालपिशवीकडं बघत होतं.
चहावाल्यानं उधारी तोडली.
वर एक डोळा असता
तर ते अठरा दिवस वाचले असते त्याचे.
हे मी आजही कुणालाही सांगेन.

आता सिदू मनीऑर्डरी मोजून घेतो
आणि दोन्ही तळवे
भिंतीच्या कोपऱ्याला दाखवतो,
बोटं फाकवून,
मगच पिशवी उचलतो.
म्हटलं, अरे, रोज कशाला?
तर म्हणाला, असू दे की साहेब.

आणि शालनबाई.
नवरा कोइमतूरला, गलाईच्या दुकानात,
लोकांचं सोनं आटवतो, ॲसिडचा धूर खातो.
पैसे धाडतो ते दिराच्या खात्यावर.
तिचं पासबुक माझ्या कपाटात असतं,
डाव्या खणात, रेव्हेन्यू तिकिटांच्या खाली.
दळणाला म्हणून निघते,
पिठाचा डबा काउंटरवर टेकवते,
शिलाईचे दोनशे, कधी तीनशे.
पोरीला नर्सिंगला घालायचंय, म्हणते,
आणि नोटांवरचं पीठ झटकते.

काल दीर आला.
"बारा तारखेचं जरा दाखवा की.
आमची वैनी आलती का, एवढंच बघायचंय.
सरकारी जागा, सगळ्यांचीच की."

समोर काटा होता. त्यावर कुणाचं तरी पाकीट,
वीस ग्रॅमला जरासं कमी,
पंख्याच्या वाऱ्यानं आकडा हलत होता.
स्क्रीनवर चार चौकोन.
एकात तो, वरून टक्कल दिसणारा,
दुसऱ्यात मी.

म्हणालो, दहा दिवसांनी आपोआप पुसतं ते.
आज तेवीस. अकरावा दिवस झाला.

तीस दिवस राहतं.
शालन आहे त्यात, डबा आहे,
ओठ हलवत नोटा मोजतेय तेही आहे.
आता माझं खोटंही आहे.
बरं, त्याला कान नाहीत.

दीर गेला. जाताना दाराशी थांबून
वर बघितलं त्यानं, केसांवरून हात फिरवला.

संध्याकाळी शटर ओढून मी उभा राहून पाहिलं
एकेका फरशीवर, मान वर करून.
एक जागा आहे.
खिडकीच्या डाव्या अंगाला खांब आडवा येतो,
तिथं माणूस दिसत नाही, फक्त सावलीची कड.
सोमवारी शालनबाईला तिथंच उभं करायचं.

मग लक्षात आलं,
त्या फळीमागंच सापडले होते
सिदूचे पैसे.