ओठ नसलेल्यांचं बारसं

स्टेनव्यॉरच्या वहीत
परग्रहावरच्या एका माणसाला
(माणूस म्हणू नये, पण दुसरा शब्द तिला अजून सुचलेला नाही)
आतापर्यंत एकेचाळीस नावं ठेवून झाली
आणि एकेचाळीसांनाही तिनंच नावं ठेवली.

क्झॉर्थ. झिल्क्स. त्र'क्व.
जोडाक्षरांची ही खडी
कुठली आई दिवेलागणीला
दारात उभी राहून चघळत बसेल?
जेवण निवेल तिचं.

यांना ओठ नाहीत, हे तिनंच लिहिलंय पान तीनवर.
म्हणजे प नाही, फ नाही, ब-भ-म नाही.
म्हणजे कित्येक बाळांचा पहिला शब्द
यांच्या घरी जन्मणारच नाही.
रात्री स्वयंपाकघरात ती
दोन बोटांनी ओठ फाकवून धरते
आणि "मम्मा" म्हणून बघते.
नुसता वारा येतो.
मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं.

सकाळी सहा. ईसाफ्योर्दूर, जानेवारी.
सूर्य डोंगराआड, अजून आठवडाभर तरी.
मासळीचा कारखाना, बर्फ, रबरी हातमोजे,
पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला बोगुमिवा,
पोलंडमधल्या कुठल्याशा कोळशाच्या गावची,
जिचं नाव इथं कुणी धड घेत नाही.
फोरमनला ती बोगा,
पगाराच्या चिठ्ठीवर बोग्यूमिला,
नवी पोरं तर नुसतं "ए पोलंड" म्हणतात.
ती सगळ्यांना ओ देते.
शेवटच्याला जरा उशिरा.

त्या दिवशी धक्क्यावर
पेट्यांची चळत कलली.
स्टेनव्यॉरनं हाक मारली,
पण गारठ्यानं ओठ केव्हाच मेले होते
आणि तोंडातून निघालं ते
"ओगुइआ!"

बोगुमिवा वळली.
एक पाऊल मागं.
पेट्या पुढ्यात कोसळल्या,
बर्फ आणि कॉड तिच्या बुटांवर.

"काय म्हणालीस मला?"
स्टेनव्यॉर हसायला बघते, ओठ साथ देत नाहीत.
पुन्हा म्हणते, या वेळी जपून,
जशी उकडलेल्या अंड्याची साल काढावी तशी:
"ओ-गु-इ-आ."
"असू दे," बोगुमिवा एक मासा शेपटीनं उचलते,
"फक्त फोरमनला शिकवू नकोस."

जेवणाच्या सुट्टीत,
ओठांत रक्त परतायच्या आत,
ती बेचाळिसावं नाव लिहिते.
शेजारी अर्थासाठी रकाना आहे;
एकेचाळीस वेळा तिनं तो भरला होता,
तारा, वादळ, तिसऱ्या चंद्राची लेक.
आज ती तिथं लिहिते:
ऐकून वळली.