तुमची पाठ

नेरुळच्या कॉलेजात मी सांख्यिकी शिकवतो,
तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे,
तयारीचे नाहीत.

दिवाळे गावची रुचा तांडेल पहिल्या बाकावर बसते.
ऑगस्टात तिनं वहीचं पान फाडून दिलं :
‘सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता
तेवढा वेळ मी गैरहजर असते.
आणि मिशीखाली मध्य, मध्यक सारखेच दिसतात.’

रागच आला जरा.
नऊ वर्षं हजेरी घेतोय मी.

मोमीन मॅडमना कागद दाखवला.
बोलल्या नाहीत काही.
दुसऱ्या दिवशी आपल्या मोकळ्या तासाला
शेवटच्या बाकावर येऊन बसल्या, कानांत कापूस घालून.
मग स्टाफरूममध्ये डबा उघडताना :
‘एकवीस मिनिटं तुमची पाठ शिकवत होती.
माझीही तेवढीच असेल.
उद्या तुम्ही या माझ्या वर्गात.’

रविवारी मिशी काढली.
धाकटी जवळ येईना.

सोमवारी आधी लिहिलं. खडू ठेवला.
वळलो, मग बोललो.
मधे जी शांतता पडायची
तिला मस्टरवर रकाना नाही.

रुचा खाली मान घालून उतरवून घेत होती.
ती वर बघेपर्यंत
मी थांबलो.