विसावा दिवस

एलेउतेरियो कॅमेरे दुरुस्त करतो, बोलतो कमी.
म्हणाला, यास्ना, एकच जिना घे. महिनाभर. रोज एक फोटो.
मी आमच्याच गल्लीतला घेतला, एकशे सोळा पायऱ्यांचा,
वर वाल्पाराइसोचे रंगीत पत्रे, खाली बंदर.

पहिल्या आठवड्यातच मांजरं संपली.
मग सावल्या, वाळत घातलेले मोजे,
ओर्तेन्सियाबाईंची बटाट्यांची पिशवी.
पंधराव्या दिवशी माझेच बूट.
अठराव्याला बटण दाबलं, न बघताच.
डोळ्यांना घट्टे पडले होते.

विसाव्या दिवशी काचवाला आला,
दाराएवढी काच, आणि एकटाच.
"पोरी, जरा धर गं."
गळ्यात कॅमेरा, दोन्ही हात अडकलेले,
आणि काचेत अख्खा समुद्र, क्रेनांसकट,
एकेक पायरी चढू लागला आमच्याबरोबर.
मधे एकदा कलला;
आम्ही थांबलो,
सांडू नये म्हणून.

एलेउतेरियोने फोटो ओळीने मांडले,
पाठीवरचे आकडे बघत.
एकोणीस. मग एकदम एकवीस.
"इथे काय होतं?"

मी सांगू लागले.
त्याने हातातला पेचकस खाली ठेवला
आणि उठून
दुकानातला दिवा मालवला.