एकशे सतरा ग्रॅम

तीस वर्षं मी कॉस्टिक टँकरने मोजला.
आज मांजलपूरच्या या गॅलरीत,
शरयूच्या केकच्या काट्यावर,
एकशे सतरा ग्रॅम.
पांढरे मणी, थेट साबुदाणा.
ती दारातूनच म्हणाली,
डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा,
उद्या चतुर्थी आहे.

पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी नाही.
हे वाक्य मी रणोलीच्या प्लँटमध्ये
तीन भाषांत भिंतीवर रंगवून घेतलं होतं.
मराठीत ते आज पहिल्यांदा पुटपुटलो.
पातेलं विस्तवाशिवाय तापलं,
वाफ नाकाला झोंबली,
आणि माझे पाय आपोआप
वाऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

तेल आठशे ग्रॅम: खोबरेल, कपाशीचं,
आणि मेहसाण्याचं एरंडेल, मधासारखं संथ.
जुनी रवी मिळाली, या अटीवर
की ती पुन्हा ताकात येणार नाही.
घुसळत बसलो.
वीस मिनिटं तेल तेल राहिलं, पाणी पाणी.
मग रवी उचलली तेव्हा
थेंबाची रेघ वर तशीच राहिली,
बुडाली नाही.
शरयूला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली,
बघून म्हणाली, श्रीखंड.

भाखरवडीच्या रिकाम्या खोक्यात ओतलं,
कंपनीच्या जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.
रात्री दोनदा उठून हात लावला: गरम.
तिसऱ्यांदा उठलो
तर ती आधीच तिथे वाकलेली.

कापायला सुरी नको म्हणे, कड तुटते.
ड्रॉवरमध्ये सीलची तार होती,
टँकरच्या झाकणाला लावायची, पिळाची.
निवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेलेलं एक भेंडोळं.
दोन्ही टोकांना पेन्सिली बांधल्या, ताणली,
खाली दाबली.
तार आत शिरताना आवाज नाही,
फक्त एक मऊ अडथळा,
आणि मग तळाचा कागद.
पहिली वडी तिरकी. दुसरी फारच जाड.
प्रत्येकीच्या अंगावर तारेचे बारीक वळ.
शेजारच्या हंसाबेन डोकावल्या, एक हातात घेऊन
उलटीपालटी केली, म्हणाल्या: चालशे.
अकरा वड्या आणि एक कड.
आपल्याकडे नारळाचीही वडी, साबणाचीही;
मी त्या ताटात मांडल्या
तसं शरयूनं ताट माळ्यावर ठेवलं,
नातवाच्या हाताला लागू नये म्हणून.

पाच आठवडे.
रोज एकीला उलटं करायचं,
एवढंच काम.
आतला सोडा आतल्या तेलाला
हळूहळू संपवतो, आणि स्वतःही संपतो.
हे मला पाठ होतं. पटलं नव्हतं.
छत्तिसाव्या दिवशी कडेला जिभेचं टोक लावलं.
चटका बसला नाही.

नगीन पढियार रविवारी आला.
अठ्ठ्याण्णव साली पंपाची गॅस्केट फुटली
तेव्हा त्याचं डोकं नळाखाली धरून
मी घड्याळात पंधरा मिनिटं मोजली होती,
तो ओरडत असताना, मोठ्यानं.
एक डोळा वाचला.
मी वडी कागदात गुंडाळून ठेवली होती,
वर तारीख, वजन,
आणि सवयीनं बॅच नंबर: एक.
काय आहे त्यात, त्यानं विचारलं.
मी सांगितलं. सगळं सांगितलं.
तो उठला, बेसिनपाशी गेला, कागद सोडला.
वास घेतला. नळ उघडला.
फेस फारसा आला नाही, जाड, दुधासारखा,
त्याच्या त्या डागाळलेल्या मनगटांपर्यंत.
तो धूतच राहिला.
पाणी वाहत होतं आणि माझे ओठ हलत होते,
नळ बंद करायचं
दोघांच्याही लक्षात येईना.
आतून शरयू ओरडली,
अहो, टाकी रिकामी होईल.
चार मिनिटं झाली होती.