संकेतार्थ

वालपराईसोच्या टेकडीवरची लिफ्ट बंद, म्हणून
एकशे बासष्ट पायऱ्या चढून एलिसेओ पाय्याकान
माझ्यासमोर बसतो. टोपी गुडघ्यावर.
धाप लागलेली. मी पाणी पुढे करते.

फाइल जाड नाही.
अठरा टन चेरी, कुरिकोची, शून्य अंशावर.
सातव्या दिवशी, भर समुद्रात,
कंटेनरातल्या सेन्सरनं लिहिलं: नऊ.
ग्वांगझूच्या सर्व्हरनं वाचलं: नऊ.
कलम अकरा लावलं, ऑर्डर रद्द केली,
पैसे परत ओढले, दुसऱ्या बागेला मागणी दिली,
विमानानं पाठवा म्हणून.
चार सेकंद.
एलिसेओ तेव्हा कुत्र्याला पाव घालत होता.

सेन्सर सुटून दाराशी पडला होता, हे मागाहून कळलं.
तो दार मोजत होता. उन्हानं तापलेलं दार.
चेऱ्या आत गारच होत्या.
मग परक्या बंदरावर तीन आठवडे बेवारस राहिल्या
आणि खरोखरच नऊ झाल्या.

खरेदीदाराच्या वकील क्वांग बाई पडद्यावरून सांगतात,
यंत्रानं करार मोडला नाही, पाळला.
अक्षरशः पाळला.
मी लिहून घेते. खोटंही नाही ते.

आता माल द्या-घ्या म्हणण्यात अर्थ नाही,
लाल डब्यांचा सण होऊन गेला.
उरतो पैसा. कायदा म्हणतो,
वचन पाळलं गेलं असतं तर हा माणूस जिथे असता
तिथे त्याला नेऊन ठेवा.
असता. असती. असतं.
माझा सगळा धंदा या संकेतार्थावर चालतो.
यंत्राला एकच काळ ठाऊक,
तोही चार सेकंदांचा.

नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत?
विचारावंच लागतं.
फोन लावला, तो म्हणतो. अकरा वेळा.
गोड आवाजातली बाई म्हणायची, एक दाबा.
दाबला.

आणि?

आणि शेजारच्या बागेत तोडणीला गेलो. नऊ दिवस, रोजावर.
तिलाच गेली होती ना माझी ऑर्डर.
झाडं ओळखीची. हात भराभर चालले.

क्वांग बाई लगेच मान वर करतात:
ती मजुरी भरपाईतून वजा व्हावी.

समासात मी लिहिते: नऊ दिवस.
पुढे प्रश्नचिन्ह.
तो टोपी फिरवत विचारतो,
खाली जाताना तरी लिफ्ट चालू असेल का?

असेल, मी म्हणते.
रकमेची जागा अजून कोरी आहे.